आरएक्स ५८० चं व्होल्टेज: जानेवारी ते मे, सोलापूर

१९ जानेवारी २०२५

एएमडीचं जुनं ग्राफिक्स कार्ड घेतलं, आरएक्स ५८०, ८ जीबीचं, ६,५०० रुपयांना. आधी कुठे आणि कसं वापरलं ते विकणाऱ्याने सांगितलं नाही, पण पंख्याच्या पात्यांवरचा थर बघता कार्ड बराच काळ अखंड चाललेलं दिसतंय. २०१७ ची पोलारिस चिप, २३०४ शेडर कोर, २५६ बिटची मेमरी बस, बोर्डाचा ठरलेला वीजवापर १८५ वॉट. एएमडीचा मूळ बूस्ट क्लॉक, म्हणजे चिपचा वरचा वेग, १३४० मेगाहर्ट्झ. माझ्या बोर्डावर तो १३६६ करून दिलाय आणि वेगाच्या सगळ्यात वरच्या पायरीला ११५० मिलिव्होल्ट लावलेत.

माझं काम लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग. रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ४के फुटेजवर नॉइज रिडक्शन लावलं की कार्ड तासन्‌तास पूर्ण भाराखाली असतं. लग्नसराई एप्रिल-मेमध्ये, आणि सोलापूरचा पारा ४२ च्या आसपास जातो तोही तेव्हाच. त्यामुळे ओव्हरक्लॉकिंग (चिप ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) करायचं तर ते मे महिन्यातल्या दुपारी टिकलं पाहिजे. जानेवारीत आलेला आकडा माझ्या उपयोगाचा नाही. या नोंदी त्या हिशेबाने ठेवतोय. ज्यांच्याकडे असंच जुनं कार्ड आहे आणि असाच उन्हाळा आहे, त्यांना उपयोग व्हावा.

पहिलं काम: जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरने कार्डाच्या बायोसची (त्यातल्या मूळ सेटिंगची) प्रत काढून पेनड्राइव्हवर ठेवली. मग काहीही न बदलता हेवन (कार्डावर भार टाकणारी चाचणी) अर्धा तास फिरवलं. खोलीत २५ अंश, कोर (कार्डाची मुख्य चिप) ८१, पंखे पूर्ण आवाजात. भिंतीच्या प्लगला लावलेल्या वॉट मीटरवर अख्ख्या मशीनचे २७२ वॉट. एचडब्ल्यूइन्फो हे सेन्सर वाचणारं सॉफ्टवेअर चिपचे १३८ वॉट दाखवतं. हा आकडा फक्त चिपचा आहे. मेमरी, पंखे आणि व्हीआरएममध्ये (चिपला लागणारं व्होल्टेज तयार करणारा भाग) वाया जाणारी वीज त्यात धरलेली नाही. बरेच जण हाच आकडा अख्ख्या कार्डाचा समजून पॉवर सप्लायचा हिशेब करतात आणि तिथेच गोंधळ होतो.

२६ जानेवारी

कार्ड उघडायच्या आधी अर्थिंग तपासलं, आणि बरं झालं तपासलं. मशीन चालू असताना कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला उलटा हात लावला की बारीक झिणझिण्या यायच्या. मीटर एसीवर लावून कॅबिनेट आणि अर्थ यांच्यात मोजलं तर शंभराच्या वर व्होल्ट. एसएमपीएसच्या (मशीनच्या पॉवर सप्लायच्या) आतले फिल्टर कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलच्या मधोमध बॉडीला जोडलेले असतात. अर्थ तुटलेला असला की बॉडीवर साधारण निम्मं व्होल्टेज तरंगत राहतं. करंट अगदी थोडा असतो, माणसाला फारसा धोका नाही. पण सोल्डरिंगची इस्त्री किंवा मीटरची वायर त्याच वेळी कार्डाला लागली तर चिपला तेवढं पुरतं.

घर पूर्व भागात, जुनं बांधकाम. अर्थिंगचा खड्डा मागच्या बोळात. वायरमनने तो उकरला तर पट्टी गंजून अर्धी झालेली आणि माती भुकटीसारखी कोरडी. नवी पट्टी, कोळसा, मीठ, आणि वर पाणी घालायला पाइपाचा तुकडा. मजुरी धरून ७०० रुपये. आता न्यूट्रल आणि अर्थमध्ये दीड व्होल्टच्या आत येतंय. वायरमन जाताना बजावून गेला, "उन्हाळ्यात दर आठवड्याला बादलीभर पाणी घालत जावा. इथली जमीन पाणी धरत नाही, अर्थिंग मरतंय." हे कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

२ फेब्रुवारी

कार्ड उघडलं. हीटसिंकच्या पात्यांमध्ये सुताची तूस नमद्यासारखी बसलेली. आमच्या आजूबाजूला यंत्रमाग आहेत, त्यामुळे टॉवेल-चादरींची तूस घरात उडतेच. पण ही त्या आधीच्या मालकाकडची होती, काळी आणि तेलकट. ब्रशने निघाली नाही. हीटसिंक वेगळा करून साबणाच्या कोमट पाण्यात धुतला आणि दिवसभर उन्हात वाळवला. पंखे आधीच काढून ठेवले होते.

थर्मल पॅड (चिपची उष्णता हीटसिंकला देणाऱ्या मऊ पट्ट्या) वाळून खडू झालेले. मेमरीवरचे उचलताना तुकडे पडले, व्हीआरएमच्या मॉस्फेटवरचे (वीज चालू-बंद करणारे त्यातले स्विच) तर तेल सुटून कडक झालेले. व्होल्टेज वाढवलं की सगळ्यात आधी तापतात ते हे मॉस्फेट, त्यामुळे इथे हात आखडता घेऊन चालत नाही. इथल्या दुकानात १.५ मिलिमीटरचेच पॅड मिळाले. ते सगळीकडे लावले, कोरवर नवी पेस्ट लावली, बंद केलं.

चालू केल्यावर दोनच मिनिटांत कोर ९० ला टेकला आणि क्लॉक घसरायला लागला. परत उघडलं. कोरवरच्या पेस्टचा ठसा एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. मेमरीवरच्या जाड पॅडांनी हीटसिंक उचलून धरला होता, तो कोरवर सपाट बसतच नव्हता. जुन्या पॅडचा दाबला न गेलेला कोपरा व्हर्नियरने मोजला: मेमरीवर १ मिलिमीटर, मॉस्फेटवर १.५. पॅड टाकून देण्याआधी हे मोजून घ्या. ६०० रुपयांचे पॅड वाया गेले, आणि १ मिलिमीटरचे पुण्याहून मागवावे लागले.

९ फेब्रुवारी

पॅड आले, बसवले. बंद करण्याआधी एकदा नुसतं दाबून, परत उघडून ठसा बघितला: कोरवर पेस्ट चारी बाजूंनी सारखी, आठही मेमरी चिपच्या पॅडवर चौकोन उमटलेला. मग पेस्ट पुसून नव्याने लावली आणि स्क्रू तिरप्या जोड्यांनी थोडे थोडे आवळले.

हेवन, अर्धा तास, खोली २६: कोर ७१. व्होल्टेजला हातही न लावता १० अंश कमी झाले. एचडब्ल्यूइन्फोत व्हीआरएमचं तापमान आधी ९७ होतं, आता ७८.

१६ फेब्रुवारी

आज मोजायच्या जागा तयार केल्या. सॉफ्टवेअरमध्ये टाकलेलं व्होल्टेज आणि चिपला मिळणारं व्होल्टेज यांत फरक असतो. तो किती, हे माहीत नसताना पुढे जायचं नाही असं ठरवलं होतं.

कार्डाच्या पाठीमागे, कोरच्या बरोबर मागे, बारीक सिरॅमिक कपॅसिटर असतात. मीटरची टोकं तिथे टेकवून मोजता येतं, पण हात सरकला की शॉर्ट, आणि कार्ड गेलं. म्हणून व्हीआरएमच्या आउटपुटच्या मोठ्या पॉलिमर कपॅसिटरच्या दोन्ही पायांना बारीक वायर सोल्डर करून बाहेर काढल्या, टोकाला छोटा दोन पिनांचा कनेक्टर. पॉझिटिव्ह वायरमध्ये, कपॅसिटरच्या अगदी जवळ, १ किलोओहमचा रेझिस्टर घातला. उद्या वायरचं टोक कॅबिनेटला लागलं तरी एक मिलिअॅम्पिअरच्या आसपासच करंट जाईल. डिजिटल मीटरचा आतला रेझिस्टन्स साधारण १० मेगाओहम असतो, त्यापुढे १ किलोओहम म्हणजे काहीच नाही. वाचन बिघडत नाही.

निगेटिव्हचं सोल्डर धरेना. तिथे बोर्डाचा ग्राउंड प्लेन आहे, तांब्याचा मोठा पत्रा. तो सगळी उष्णता ओढून घेतो. २५ वॉटच्या इस्त्रीने नुसता गोळा व्हायचा. साखर पेठेजवळ मोटार रिवाइंडिंग आणि टीव्ही दुरुस्ती करणारे एक अण्णा आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी कार्ड उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाले, "इस्त्री दाबून काय होत नाही. आधी बोर्ड गरम कर की, मग टोक लाव." ड्रायरने बोर्डाचा तो कोपरा कोमट केला, फ्लक्स लावला, ६० वॉटची इस्त्री क्षणभर टेकवली. चकचकीत, पसरलेला सांधा आला. पैसे घेतले नाहीत. चहा मात्र त्यांनीच पाजला.

मोजलं. ड्रायव्हरमध्ये ११५० मिलिव्होल्ट. हलक्या भाराला मीटरवर १.१४ व्होल्ट. पूर्ण भाराला १.०८. करंट वाढला की व्होल्टेज थोडं खाली येऊ द्यायचं, ही व्हीआरएमची मुद्दाम केलेली रचना आहे. भार अचानक सुटला की व्होल्टेज उसळी मारतं, त्याला त्यामुळे जागा राहते. त्यामुळे "भाराखाली कमी दिसतंय, म्हणजे वाढवायला वाव आहे" असा अर्थ काढू नका.

२३ फेब्रुवारी

व्होल्टेज बदलायचे दोन रस्ते. एक ड्रायव्हरमधून, आकडा टाकून. दुसरा बोर्डावर रेझिस्टर लावून. दुसरा रस्ता ५८० वर नेण्याआधी कपाटातल्या जीटी ७३० या छोट्या ग्राफिक्स कार्डावर करून बघायचं ठरवलं. एनव्हिडियाची केप्लर चिप, ३८४ कोर, ९०२ मेगाहर्ट्झ, २५ वॉटच्या आसपास. पीसीआय एक्सप्रेसचा स्लॉट ७५ वॉटपर्यंत देऊ शकतो, म्हणजे इथे कितीही ओढलं तरी मदरबोर्डाला इजा नाही. शिकायला असंच कार्ड घ्यावं.

तत्त्व एवढंच. व्हीआरएमचा कंट्रोलर आउटपुटमधलं थोडं व्होल्टेज दोन रेझिस्टरांनी वाटून फीडबॅक पिनवर वाचतो. त्या पिनवर ठरलेला आकडा दिसेपर्यंत आउटपुट वर-खाली करतो. पिन आणि ग्राउंडच्या मध्ये आणखी एक रेझिस्टर लावला की कंट्रोलरला वाटतं आउटपुट कमी पडतंय, आणि तो ते वाढवतो. रेझिस्टर जितका लहान, तितकी वाढ जास्त. चुकून शून्य झाला तर कंट्रोलर पूर्ण ताकदीने वर जातो आणि चिप जळते. या मोडमधला (म्हणजे बोर्डावर केलेल्या बदलातला) खरा धोका तो आहे, आणि सगळी काळजी तिथेच घ्यायची.

कंट्रोलरवरचा नंबर भिंगाने वाचला, डेटाशीट काढली, फीडबॅकची पिन शोधली. वीज बंद ठेवून पिन ते ग्राउंड मोजलं: ४२० ओहम. हे वाचन वाटणीच्या दोन्ही रेझिस्टरांचं समांतर आहे, कारण कोर स्वतःच ग्राउंडकडे जेमतेम काही ओहम दाखवतो. त्यावरून खालच्या रेझिस्टरची किंमत काढायला जाऊ नका. मोजलेल्या आकड्याच्या निदान २० पट मोठा ट्रिमपॉट (स्क्रू फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) घ्यायचा हा जुना नियम आहे. मी २० किलोओहमचा, बऱ्याच फेऱ्यांचा घेतला, आणि लावण्याआधी तो पूर्ण २० किलोओहमवर आहे हे मीटरने बघितलं.

सोबत एका ओळीत ३.३ किलोओहमचा पक्का रेझिस्टर घातला. ट्रिमपॉट शून्यावर गेला तरी ३.३ शिल्लक राहतो आणि व्होल्टेजला छत मिळतं. माझ्या कार्डावर ते छत १.१६ व्होल्टच्या आसपास येतं. हा चार आण्याचा रेझिस्टर घातल्याशिवाय हा मोड करूच नका. ट्रिमपॉटचं फिरतं टोक एका बाजूच्या पायाला जोडू नये, असंही ठरवलं. आतला संपर्क सुटला तर वाट उघडी पडावी आणि कार्ड मूळ व्होल्टेजवर परत यावं, म्हणून.

चालू केलं. स्क्रीन काळी.

२ मार्च

आठवडाभर रोज रात्री थोडं थोडं शोधलं. सोल्डर ठीक, पिन बरोबर, रेझिस्टन्स बरोबर. बिघाड वायरमध्ये होता. ट्रिमपॉट कॅबिनेटच्या बाहेरून फिरवता यावा म्हणून वीतभर वायर काढली होती. फीडबॅकची पिन फार नाजूक. तिला लावलेली लांब वायर शेजारच्या कॉइलचा सगळा गोंगाट अँटेनासारखा उचलते, आणि कंट्रोलर गोंधळून स्वतःला बंद करतो. वायर बोटाच्या पेरापेक्षा कमी केली, ट्रिमपॉट कार्डावरच चिकटवला. पहिल्या झटक्यात स्क्रीन आली.

मूळ १.०३ व्होल्ट. ट्रिमपॉट पूर्ण मोठा असताना १.०५. हळूहळू फिरवत १.०७, मग १.१२. प्रत्येक वेळी मशीन बंद करून फिरवला आणि परत चालू करून मोजलं. चालू असताना फिरवणारे आहेत, पण संपर्क क्षणभर उडाला तरी आउटपुट उडी मारतं. मूळ व्होल्टेजला कार्ड १०५० मेगाहर्ट्झवर टिकत होतं, १.१२ ला ११३० वर. फरक आहे, पण त्यासाठी त्या छोट्या हीटसिंकवर वेगळा पंखा लावावा लागला.

दुपारी ट्रिमपॉट सुटून लोंबायला लागला. ग्लू गनचा गोंद होता. कार्ड तापलं की तो मऊ होतो. आपल्याकडे तर मे महिन्यात बंद खोलीतसुद्धा तो नरम पडेल. आता खाली कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी) आणि वर दोन भागांचा इपॉक्सी. आंबट वासाचं सिलिकॉन वापरू नका. ते सुकताना अॅसेटिक आम्ल सोडतं आणि तांबं खातं.

९ मार्च

५८० वर रेझिस्टरचा मोड करायचा नाही, असा निर्णय घेतला. कारण हिशेबात आहे. स्लॉटचे ७५ आणि ८ पिनच्या केबलचे १५० मिळून २२५ वॉट, ही या कार्डाची ठरलेली वाट. स्लॉटमधल्या ७५ पैकी १२ व्होल्टच्या रेषेचा वाटा ५.५ अॅम्पिअर, म्हणजे ६६ वॉटच. ड्रायव्हर माझ्या कार्डाला १२०० मिलिव्होल्टपर्यंत जाऊ देतो. तेवढ्यावर चिपच १६५ वॉट घेते. त्यात मेमरीचे, पंख्यांचे आणि व्हीआरएममध्ये वाया जाणारे धरले तर बोर्ड २१५ च्या पुढे जातो. म्हणजे ड्रायव्हरने दिलेली मर्यादाच वाटेच्या टोकाशी आलेली आहे. रेझिस्टरने तिच्याही पुढे जायचं तर स्लॉटच्या पिना आणि केबलची टोकं तापणार. ते तापमान कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही. २०१६ मध्ये आरएक्स ४८० बाजारात आलं तेव्हा ते स्लॉटमधून मर्यादेपेक्षा जास्त वीज ओढत असल्याचं आढळलं होतं आणि एएमडीला ड्रायव्हर बदलून ते आवरावं लागलं होतं. त्याच घराण्यातलं हे कार्ड आहे.

जाता जाता: पॉवर सप्लायमधून आलेली अस्सल ८ पिनची केबल वापरा. मोलेक्सवरून (जुन्या ४ पिनच्या प्लगवरून) ८ पिन करणारे जोड बाजारात ५० रुपयांना मिळतात, ते या कामात नकोत.

मग ड्रायव्हरमधून वर चढलो. पॉवर लिमिट वाढवलं, क्लॉक पायरीपायरीने. "मशीन सुरू होताच सेटिंग लावा" हा पर्याय बंदच ठेवला. नाहीतर एखादा वाईट आकडा मशीनला दर वेळी सुरू होतानाच पाडत राहतो. खोली २७:

१३६६ ला खरं तर १०८७ मिलिव्होल्ट पुरतात, कारखान्याने ११५० दिलेत. १४०० ला ११३१. १४३० ला ११७५. १४५० ला १२०० देऊनही वीस मिनिटांत पडद्यावर हिरवे ठिपके, मग ड्रायव्हर कोसळला. १४३० वर भिंतीचा मीटर ३०४ दाखवतो.

वरच्या ३० मेगाहर्ट्झला ४४ मिलिव्होल्ट. वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे शेवटच्या टप्प्याला मोजलेली किंमत फार मोठी आहे. माझी नेहमीची चाचणी, ४के क्लिप आणि नॉइज रिडक्शन: मूळ सेटिंगला ११ मिनिटं ४० सेकंद, १४३० वर ११ मिनिटं १२ सेकंद.

१६ मार्च

मेमरी. मूळ २००० मेगाहर्ट्झ. २०५० ठीक, २१०० ठीक, २१२० वर ना ठिपके ना क्रॅश, पण क्लिपला वेळ जास्त लागला. जीडीडीआर५ मध्ये चुकलेला डेटा पकडून परत पाठवायची सोय असते. चुका पडद्यावर दिसत नाहीत, वेळ मात्र खातात. एचडब्ल्यूइन्फोत मेमरी एररची वेगळी ओळ असते. २१०० वरही ती दहा मिनिटांनी हळूच वाढायला लागलेली दिसली. २०५० वर तासभर शून्य. २०५० कायम.

३० मार्च

पाडवा. सकाळी गुढी उभारली, दुपारी खोलीत ३६ अंश. १४३० आणि ११७५ चं तेच सेटिंग, जे ९ तारखेला दोन तास टिकलं होतं, पंधरा मिनिटांत पडलं. कोर ८५ ला. काही बिघडलेलं नाही. चिप तापली की गळती वाढते, तोच क्लॉक धरायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि जास्त व्होल्टेजने ती आणखी तापते. १२०० देऊन बघितलं: ८८ अंश, व्हीआरएम १०१. बंद केलं. कोर ८५ किंवा व्हीआरएम ९५ झालं की थांबायचं असं सुरुवातीलाच लिहून ठेवलं होतं.

इथून दिशा बदलली. वरचे २८ सेकंद सोडून द्यायचे आणि खालची वीज वाचवायची.

६ एप्रिल

क्लॉक १३४०, व्होल्टेज पायरीपायरीने खाली. ११०० ठीक, १०७५ ठीक, १०५० ठीक, १०४० ला हेवन अडकलं. म्हणजे १०५०, आणि त्यावर उन्हाळ्यासाठी १२ ची शिल्लक: १०६२.

मध्ये एक अडचण आली, ती सविस्तर सांगतो कारण यात खूप वेळ जातो. खालच्या पायऱ्यांचं व्होल्टेज ९०० च्या आसपास आणलं तरी मीटरवर काहीच फरक दिसेना. ड्रायव्हरमध्ये मेमरीखाली व्होल्टेजचा एक रकाना असतो. ते मेमरी चिपचं व्होल्टेज नाही. जीडीडीआर५ ला दीड व्होल्ट लागतात आणि ते तिथून बदलतही नाहीत. पोलारिसवर हा आकडा कोर व्होल्टेजची जमीन म्हणून चालतो. तिथे १००० असेल तर मेमरी पूर्ण वेगात असताना कोर १००० च्या खाली येतच नाही. तो ९५० केला आणि मीटर लगेच खाली आला. सोल्डर केलेल्या त्या दोन वायर नसत्या तर मी नुसता पडद्यावरच्या आकड्यांवर समाधान मानून बसलो असतो.

निकाल: खोली ३७, अर्धा तास, कोर ७४, व्हीआरएम ७९. चिप ११३ वॉट, भिंतीला २३८. क्लिप ११ मिनिटं ४६ सेकंद. कारखान्याच्या सेटिंगपेक्षा ६ सेकंद मागे, ३४ वॉट कमी.

२७ एप्रिल

मित्राकडे अगदी हेच मॉडेल आहे. माझे आकडे त्याच्या कार्डावर टाकले: १३४०, १०६२. हेवन सुरू होताच पडलं. त्याला ११०० लागतात. एकाच कंपनीचं, एकाच मॉडेलचं कार्ड असलं तरी चिप वेगळी. त्यामुळे माझा रस्ता घ्या, आकडे तुमचे तुम्ही काढा. सुरुवात कारखान्याच्या आकड्यापासून, एका वेळी १० ते १५ मिलिव्होल्ट खाली, दर पायरीला निदान अर्धा तास.

चाचणी नुसत्या हेवनवर थांबवू नका. हेवनमध्ये टिकलेलं १०५० रिझॉल्व्हमध्ये एकदा कोसळलं, तेही रेंडर संपता संपता. फरमार्क हा भार टाकणारा दुसरा प्रोग्रॅम मी वापरत नाही. तो व्हीआरएमवर असा भार टाकतो जो प्रत्यक्ष कामात कधी येत नाही, आणि जुन्या कार्डाचे मॉस्फेट त्यासाठी पणाला लावण्यात अर्थ नाही.

११ मे

बाहेर ४२. कूलर लावून खोलीत ३३, पण हवा दमट. कूलरचं तोंड मशीनपासून दुसरीकडे वळवलंय. आपल्या बोअरचं पाणी जड आहे, उडालेले थेंब बोर्डावर वाळले की पांढरे डाग राहतात. दुपारी बारा ते सात सलग रेंडर, हळदीपासून वरातीपर्यंत. कोर ७६ च्या वर गेला नाही.

संध्याकाळी वळवाचा पाऊस, आणि वीज गेली. ६०० व्हीएच्या यूपीएसवर मशीन आणि मॉनिटर मिळून पावणेतीनशे वॉटच्या आत. रेंडर थांबवून प्रोजेक्ट सेव्ह करायला पुरेसा वेळ मिळाला. मार्चमध्ये १४३० वर असताना हाच यूपीएस ओव्हरलोडची शिट्टी मारत होता.

१८ मे

खर्च: पॅड ८५०, वाया गेलेले पॅड ६००, पेस्ट ४५०, वॉट मीटर ९००, ट्रिमपॉट आणि रेझिस्टर १२०, कॅप्टॉन टेप १५०, इपॉक्सी ८०, अर्थिंग ७००. एकूण ३,८५०, कार्डाचे ६,५०० वेगळे. सगळ्यात जास्त वेळ पॅडच्या कुरिअरमध्ये आणि जीटी ७३० च्या लांब वायरीत गेला.

सध्या दोन प्रोफाइल ठेवलेत. मार्च ते जून: १३४० मेगाहर्ट्झ, १०६२ मिलिव्होल्ट, मेमरी २०५०, मेमरीच्या रकान्यात ९५०. डिसेंबर-जानेवारी: १४०० मेगाहर्ट्झ, ११४३ मिलिव्होल्ट, बाकी तेच. थंडीतलं प्रोफाइल अजून पूर्ण तपासलेलं नाही. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास खोली पुन्हा २५ ला येईल, तेव्हा त्याची नोंद इथेच जोडेन. तोपर्यंत दर महिन्याला पंखे काढून तूस झाडायची, आणि अर्थिंगला पाणी घालायचं.